करिअरच्या वाटा : जिभेची गाठ सोडवणारे हात

बारावीचे निकाल लागले की घराघरांत तीच नावे ऐकू येतात : डॉक्टर, इंजिनिअर, फार झाले तर फार्मसी. यंदा एका वाचक भगिनीने आम्हाला वेगळा प्रश्न विचारला आहे. त्यांच्या मुलीने शास्त्र शाखेतून बारावी केली, नीटमध्ये गुण कमी पडले आणि कुणीतरी तिला स्पीच थेरपिस्ट होण्याचा सल्ला दिला. "हे काम म्हणजे डॉक्टरकीची उरलेली जागा तर नाही ना?" असे त्या विचारतात.

आमचे उत्तर स्पष्ट आहे. ही उरलेली जागा नाही. मात्र केवळ एमबीबीएस हुकले म्हणून कुणी इकडे वळत असेल, तर आधी थांबून हे काम समजून घ्यावे. येथे गुणपत्रिकेपेक्षा स्वभावाची परीक्षा मोठी असते.

वाणी ही अल्लाहची देणगी आहे. सूरह रहमानमध्ये माणसाच्या निर्मितीनंतर लगेच त्याला बोलणे शिकवल्याचा उल्लेख येतो. फिरऔनकडे जाण्याआधी हजरत मूसा (अलै.) यांनी आपल्या जिभेची गाठ सुटावी, लोकांना आपले म्हणणे कळावे, अशी दुआ केली. बंधू हारून (अलै.) यांची वाणी अधिक प्रवाही, म्हणून त्यांची साथही मागितली. अल्लाहच्या प्रेषितांनी बोलण्यासाठी मदत मागण्यात कमीपणा मानला नाही. मग तोतरे बोलणाऱ्या मुलाला पाहुण्यांसमोर आत पाठवणारे आपण कोण?

काम नेमके काय?

पुष्कळांना वाटते की बोबडे बोलणाऱ्या मुलांचे उच्चार सुधारणे एवढेच हे काम. प्रत्यक्षात त्याचा पसारा मोठा आहे. उशिरा बोलणारी मुले, ऑटिझम असलेली मुले, दुभंगलेल्या टाळूच्या शस्त्रक्रियेनंतरची मुले, श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेली मुले, अडखळत बोलणारे तरुण, आवाज बसलेले शिक्षक, या सगळ्यांना त्याची गरज असते. पक्षाघातानंतर ज्यांना समोरची वस्तू ओळखता येते पण तिचे नाव ओठांवर येत नाही, असे वडीलधारेही येतात. तंबाखू-गुटख्यामुळे कॅन्सर होऊन स्वरयंत्र काढावे लागलेल्या रुग्णाला पुन्हा बोलते करणे हेही यातच येते. गिळण्याच्या त्रासावर उपचार करणे हासुद्धा या व्यवसायाचा महत्त्वाचा भाग आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला घाईने पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला काय, किती आणि कसे द्यावे, हे थेरपिस्ट ठरवून देतो.

स्वभाव कसा हवा?

पहिला गुण सब्र. येथे गोळी देऊन आठवड्यात बरे करता येत नाही. एक ध्वनी बसायला कधी महिने लागतात. मूल आज म्हणालेला शब्द उद्या विसरते. तरीही त्याच उत्साहाने परत सुरुवात करता आली पाहिजे.

दुसरा गुण ऐकण्याचा. अडखळणाऱ्या माणसाचे वाक्य आपण पूर्ण करून टाकण्याचा मोह सर्वांना होतो. थेरपिस्टला तो आवरावा लागतो. समोरच्याला शब्द सापडेपर्यंत चेहऱ्यावर अधीरता न आणता थांबणे, ही सवय कमवावी लागते.

तिसरा गुण संकोच टाकण्याचा. जमिनीवर बसून फुगे फुगवणे, प्राण्यांचे आवाज काढणे, एकच गोष्ट वीसदा सांगणे हे ज्याला कमीपणाचे वाटते, त्याने लहान मुलांसोबतचे काम घेऊ नये.

चौथा गुण अमानतदारी. मुलाच्या निमित्ताने घरातली पुष्कळ गुपिते थेरपिस्टच्या कानावर येतात. ती मोहल्ल्यात गेली, तर ती आई पुन्हा दाराशी येणार नाही. तसेच "तीन महिन्यांत बोलता करून देतो" असे खोटे वचन देणे हाही अमानतीचा भंगच आहे.

भाषेची जाण

आपल्या मुला-मुलींना येथे एक खास जमेची बाजू आहे. आपल्या कित्येक घरांत दख्खनी किंवा कोकणी, मदरशात उर्दू, शाळेत मराठी किंवा इंग्रजी असते. घरची बोली ज्याला ठाऊक नाही, तो फरकालाच दोष समजू शकतो. दख्खनी घरातले मूल 'क़लम'ला 'खलम' म्हणते, मराठी शाळेत 'शाळा'ऐवजी 'शाला' म्हणते. ही त्याच्या घरची बोली आहे, व्यंग नव्हे. हा भेद ओळखणारा थेरपिस्ट मुलावरचा नाहक शिक्का टाळू शकतो.

घरात दोन-तीन भाषा असल्याने मूल उशिरा बोलते, हा गैरसमजही असाच पसरलेला आहे. एकाहून अधिक भाषांमुळे वाणीचा विकार होत नाही. आई ज्या भाषेत मनापासून बोलते, ती भाषा बंद करायला लावणे म्हणजे मुलाचा पहिला आधार काढून घेणे होय.

शिक्षण आणि नोंदणी

बारावी शास्त्र शाखेनंतर बीएएसएलपी ही पदवी घ्यावी लागते. तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, अशी चार वर्षे. श्रवणशास्त्र आणि वाणी-भाषा उपचार हे दोन्ही विषय त्यात येतात. पुढे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. मुंबईत वांद्रे येथे 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या आणि अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरूपद भूषवलेल्या नवाब अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि पुण्याच्या भारती विद्यापीठातही हे शिक्षण मिळते. म्हैसूरची अखिल भारतीय वाणी व श्रवण संस्था 1965 ची असून तिचा देशभर लौकिक आहे.

प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट तपासावी : महाविद्यालयाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का? 1992 च्या कायद्याने स्थापन झालेल्या या परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय व्यवसाय करणे दंडनीय आहे. काही आठवड्यांच्या कोर्सची जाहिरात पाहून कुणीही फसू नये.

पदवीनंतरचे शिकणे

पदवी ही सुरुवात आहे. नोंदणीचे नूतनीकरण करताना सतत शिक्षणाचे गुण दाखवावे लागतात, म्हणून कार्यशाळांना जावे लागते. पण नियमापुरते शिकणारा मागे पडतो. पहिली दोन-तीन वर्षे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काढावीत, असे आम्ही सुचवू. प्रत्येक रुग्णाची नोंद लिहावी, काय चालले आणि काय चालले नाही हे महिन्याला पडताळावे. मग आपला कल पाहून मुले, पक्षाघात, आवाज किंवा गिळणे यांपैकी एका विषयात खोल जावे. कामाच्या जागा रुग्णालये, विशेष शाळा, जिल्ह्यांतील शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आणि स्वतःचे क्लिनिक या आहेत.

आपल्या समाजाला या मुलींची आणि मुलांची निकड आहे. नवजात बाळाच्या कानात आपण अजान देतो. त्याच कानांची तपासणी पहिल्या महिन्यात झाली, दोष असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू झाले, तर ते मूल भाषेत मागे राहण्याचा धोका खूप कमी होतो. जवळच्या नात्यातील विवाहांत आनुवंशिक बहिरेपणाची शक्यता वाढते, म्हणून आपल्या घरांनी तर अधिक जागे राहायला हवे. पण "त्याचे अब्बाही उशिरा बोलले होते" या दिलाशात आणि तावीजाच्या आशेवर मोलाची वर्षे निघून जातात. दुआ जरूर करावी, तिच्या जोडीला उपचारही करावा. ही गोष्ट आईला तिच्याच बोलीत, तिचा मान राखून समजावणारी मुलगी आपल्याच मोहल्ल्यातून उभी राहिली, तर तिचे म्हणणे लवकर पटेल.

तेव्हा आमच्या त्या भगिनीने लेकीला एकदा एखाद्या केंद्रात नेऊन दोन तास बसवावे. तेथून परतल्यावर ती कंटाळली की तिचे कुतूहल वाढले, हे पाहावे आणि निर्णय तिच्यावर सोपवावा. अल्लाह तिच्या हातून कुणाच्या तरी जिभेची गाठ सोडवो. आमीन.