केस मुलीचे, अडचण हेल्मेटची

जयपूर, जून २०२५

३० मे रोजी खडकवासल्याहून १७ मुली एनडीएचं प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश, २०२२ मध्ये १४८ व्या कोर्सबरोबर मुलींची पहिली तुकडी, आणि तीन वर्षांनी हे संचलन. मीही त्याच अकादमीचा. टीव्हीवर पाहताना छाती फुगली, हे सांगायला लाज कसली?

पण त्याच संध्याकाळी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर (अर्धे निवृत्त, अर्धे अजून वर्दीत) जो विषय रंगला तो मुलींच्या ड्रिलचा नव्हता. केसांचा होता. एका वरिष्ठांनी लिहिलं, "समानता हवी ना? मग पहिल्या दिवशी झिरो नंबरची मशीन फिरवा. आम्हाला कुणी विचारलं होतं?" त्याखाली सलामांची रांग. घरच्या ग्रुपवर नेमकं उलटं. एका मावशींना काळजी, "एवढ्या शिकल्या-सवरल्या मुली, पण केस कापून घेतले की मुलीची शोभाच जाते हो."

दोन्ही ग्रुपना उत्तर द्यायचं होतं. तिथे लिहिलं असतं तर रात्रभर भांडण चाललं असतं, म्हणून इथे लिहितो. माझं म्हणणं सरळ आहे. रिक्रूट मुलीचे केस हा समानतेचा प्रश्न नाही आणि शोभेचाही नाही. तो हेल्मेट, वेळ, पाणी आणि कातडी यांचा प्रश्न आहे, म्हणजे निव्वळ प्रशिक्षणाच्या व्यवस्थेचा. आणि भारतीय सैन्याने तो पुरुषांच्या बाबतीत केव्हाच सोडवलेला आहे.

आधी हेल्मेट. ज्यांनी कधी अंबाडा बांधलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. केस डोक्याच्या मागे, मधोमध गोल बांधले की हेल्मेटचा मागचा भाग त्या गाठीवर बसतो. उभं राहिल्यावर फारसं कळत नाही. पण बुलेटप्रूफ जॅकेट घालून पोटावर झोपा, रायफल खांद्याला लावा आणि मान वर करा. जॅकेटची कॉलर अंबाड्याला ढकलते, अंबाडा हेल्मेटला ढकलतो, आणि हेल्मेटची पुढची कड डोळ्यांवर येते. साइट दिसेनाशी होते. मग मुलगी एका हाताने हेल्मेट मागे सारते, तोवर रायफल हलते.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण केंद्रात मी हे फायरिंग रेंजवर पाहिलं. एक मुलगी उभ्याने आणि गुडघ्यावर उत्तम मारत होती. पोटावर झोपली की गोळ्या कागदभर पसरत होत्या. तिच्या नावापुढे "कमजोर फायरर" असा शेरा पडलेला होता आणि शिक्षा म्हणून रेंजभोवती चकराही झाल्या होत्या. त्या दिवशी रेंजवर एक शीख हवालदार उस्ताद होते. त्यांनी दोन मिनिटं नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, जूड़ा खोलो. चोटी करो, नीचे, गर्दन के साथ." तिने हेल्मेट काढलं, सैल वेणी घातली, ती मानेलगत दुमडून रबराने बांधली आणि पुन्हा झोपली. पुढच्या पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या.

ते इतर कुणाला का दिसलं नाही? कारण बाकीच्या उस्तादांना डोक्यावर गाठ घेऊन लढणं म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. सरदारजींचा तो जन्माचा अनुभव होता.

इथेच "झिरो नंबर"वाल्यांचा मुद्दा कोसळतो. लांब केस आणि सैनिकी जीवन एकत्र नांदूच शकत नाही असं म्हणणाऱ्याने आपल्याच सैन्याकडे पाहावं. १२ सप्टेंबर १८९७ ला सारागढीच्या चौकीत ३६ व्या शीख पलटणीचे २१ जवान शेवटच्या माणसापर्यंत लढले. एकाचेही केस कापलेले नव्हते. आज शीख रेजिमेंट आहे, शीख लाइट इन्फंट्री आहे, आणि बाकीच्या पलटणींतही केसधारी जवान आणि अधिकारी आहेत. सियाचीन असो वा राजस्थानचं वाळवंट, ते केस धुतात, विंचरतात, बांधतात आणि वेळेवर फॉल-इन होतात. जानेवारी २०२३ मध्ये तर संरक्षण मंत्रालयाने शीख सैनिकांसाठी जुड्याला जागा असलेली १२,७३० खास हेल्मेटं घ्यायची प्रक्रिया सुरू केली. अकाल तख्त आणि शिरोमणी समितीने त्यावर हरकत घेतली, कारण शिखाने पगडीऐवजी टोप घालावा का हा त्यांच्या मर्यादेचा प्रश्न होता. त्या वादात मी शिरत नाही. माझ्या कामाची गोष्ट एवढीच की त्या सगळ्या चर्चेत "जुडाच कापा, प्रश्न मिटला" असं एकाही शहाण्याने सुचवलं नाही. जुडा आणि हेल्मेट जुळेना, तर आपण हेल्मेट बदलायला निघालो. मुलीचा अंबाडा आणि हेल्मेट जुळेना, तर मुलगी बदलायला निघतो.

कुणी म्हणेल, शिखांचे केस हा धर्म आहे, मुलीचे केस ही हौस. मान्य. दोन्हींचं मोल एक नाही. पण मग कारणही तेच सांगा. "लढाईत लांब केस चालत नाहीत" असं सांगू नका, कारण ते चालतात. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपल्या डोळ्यांसमोर चालत आले आहेत.

दुसरा नेहमीचा मुद्दा असा की पहिल्या दिवशीची कटिंग माणसाचा "मी" मोडते आणि तिथून सैनिक घडतो. मीही पहिल्या दिवशी न्हाव्याच्या खुर्चीत बसलो आहे. मान खाली, मशीन सुरू, तीन मिनिटांत माझी कॉलेजची झुलपं जमिनीवर. पण माझ्याच स्क्वॉड्रनमध्ये एक सरदार कोर्समेट होता. त्याला खुर्चीत कुणी बसवलं नाही. म्हणून त्याचा "मी" शाबूत राहिला का? अजिबात नाही. फ्रंट रोल, पहाटेची पीटी, पुन्हा पुन्हा कपडे बदलून धावत यायची परेड, क्रॉस-कंट्री, रात्रीचे फॉल-इन. रगडा त्याला आमच्याएवढाच बसला आणि तोही आमच्याएवढाच सरळ झाला. माणूस मोडतो आणि घडतो तो रगड्याने आणि सोबत्यांनी. वस्तऱ्याला एवढं श्रेय देऊ नका.

तिसरा मुद्दा खरा आहे: उवा, कोंडा, घामाची बुरशी, आणि वेळ. हा मी हसण्यावारी नेणार नाही. साडेचारला उठायचं, सव्वापाचला पीटीला उभं राहायचं. त्या पाऊण तासात शौच, दाढीऐवजी वेणी, बूट, बिछाना. कमरेपर्यंत केस असलेल्या मुलीची दहा-बारा मिनिटं नुसत्या विंचरण्यात जातात. पीटीनंतर घामाने भिजलेले केस तसेच टोपीखाली. आठवड्यातून एकदा नहायला मिळालं तर ओले केस ताणून बांधायचे, कारण वाळवायला वेळ नाही. मग डोक्याला वास येतो, खाज सुटते, आणि एकीच्या उवा महिन्याभरात बराकभर होतात. रोज घट्ट अंबाडा ओढून बांधला तर कपाळाच्या कडेचे केस विरळ होऊ लागतात. डॉक्टर त्याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. वर डोकेदुखी आहेच. अमेरिकी हवाई दलाने २०२१ मध्ये महिलांना सैल वेणी आणि पोनीटेलची परवानगी दिली ती नेमकी ह्याच कारणांनी: डोकेदुखी आणि केसगळती. त्यांच्या लष्करानेही त्याच वर्षी नियम सैल केले. त्यामुळे त्यांच्या फौजेची शिस्त ढासळल्याचं मी तरी कुठे वाचलं नाही.

आता घरच्या ग्रुपकडे वळतो. मावशी, तुमचाही मुद्दा मला मान्य नाही. केस ही मुलीची शोभा असेल, पण ती शोभा कुणासाठी ठेवायची हे तिने ठरवायचं. रिक्रूटच्या घरून फोन येतात, "साहेब, केस तेवढे कापू नका, लग्नाचं बघायचंय." ज्या मुलीला रायफल दिली, तिच्या डोक्यावर तिचाच हक्क नाही? आपल्या महाराष्ट्राला हे नव्याने सांगायची गरज पडू नये. विधवांचं केशवपन करणारे आपणच होतो. आणि १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिक बांधवांनी एकत्र येऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं, तेही आपणच. रिक्रूटची कटिंग आणि केशवपन यांची मी बरोबरी करत नाही. पण बाईच्या डोक्याचा निर्णय बाई सोडून सगळ्यांनी घ्यायचा, ही सवय तीच आहे. कधी ती सासरी दिसते, कधी ट्रेनिंग सेंटरमध्ये.

इथे जयपूरला पहाटे मैदानावर भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावतात. बऱ्याचशा सीकर, झुंझुनूकडच्या, म्हणजे घरटी फौजी असलेल्या शेखावाटीतल्या. १.६ किलोमीटरची दौड, १० फुटांची लांब उडी, ३ फुटांची उंच उडी, सगळं घड्याळ लावून. धावताना पाठीवर लांब वेणी आपटत असते. एकदा दोघींशी बोललो. एक म्हणाली, "सर, वहाँ बाल काट देंगे ना? अच्छा है, रोज़ का झंझट ख़त्म. घर में तो मम्मी काटने नहीं देती." दुसरी गप्प होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "सर, काटना ज़रूरी है क्या?" पहिलीला कापायचे आहेत आणि घरचे कापू देत नाहीत. दुसरीला ठेवायचे आहेत आणि फौज ठेवू देणार नाही अशी भीती. दोघी तितक्याच जोरात धावत होत्या.

बातम्या अधिकारी मुलींच्या होतात. १९९२ मध्ये महिला अधिकाऱ्यांची योजना सुरू झाल्यापासून तेच चाललं आहे. पण केसांचा खरा प्रश्न जवान मुलींचा आहे. बेंगळुरूला मिलिटरी पोलिसांच्या केंद्रातून ८ मे २०२१ रोजी ८३ मुलींची पहिली तुकडी ६१ आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन बाहेर पडली. आता अग्निवीर म्हणून आणखी येत आहेत. ह्या बहुतेक खेड्यांतल्या, आयुष्यात कधी कात्री न लागलेल्या केसांच्या मुली. त्यांच्यासाठी काय करायचं, ते मी सांगतो. पैसा फारसा लागत नाही.

पहिल्या दिवशी कुणाच्याही केसांना हात लावू नये. पहिला आठवडा शिकवण्याचा: मानेलगतची चपटी वेणी पाच मिनिटांत कशी घालायची, टोक कॉलरच्या वर कसं दुमडायचं, लोखंडी पिना हेल्मेटखाली का नकोत आणि कापडी रबर का हवं. बूट पॉलिश शिकवायला आपण तास देतो, मग ह्याला का नाही? आठवड्यातून दोनदा नहायला पाणी आणि केस वाळायला तासभर मोकळीक, वेळापत्रकात छापलेली. महिन्यातून एकदा उवांची तपासणी, नावं न पुकारता. दोन आठवड्यांनी प्रत्येकीने स्वतः ठरवावं, आखूड की वेणी. आखूड म्हणणारीसाठी केस कापायला बाई असावी. ठेवणारीसाठी एकच कसोटी: हेल्मेट आणि जॅकेट घालून पोटावर झोपायचं, पाच गोळ्या मारायच्या, मग गॅस मास्क चढवून दाखवायचा. हेल्मेट डोळ्यांवर आलं नाही, मास्कच्या कडेत केस अडकला नाही आणि सकाळी फॉल-इनला उशीर झाला नाही, तर केस गुडघ्यापर्यंत असोत. जमलं नाही, तर कापा. मग तक्रार चालणार नाही.

मला विचाराल तर मी आखूडच सुचवीन. माझी पुतणी उद्या गेली तर तिलाही हेच सांगेन, कारण पहिल्या सहा महिन्यांत झोपेचं एकेक मिनिट सोन्याचं असतं. पण सुचवणं वेगळं आणि खुर्चीत बसवून मशीन फिरवणं वेगळं.

शेवटी त्या ग्रुपवरच्या वरिष्ठांना. सर, "आम्हाला कुणी विचारलं होतं?" हा तुमचा प्रश्न मला पटतो. विचारायला हवं होतं. पण तुम्हाला विचारलं नाही म्हणून आता कुणालाच विचारू नये, हे कारण ऑर्डर म्हणून काढता येणार नाही. तुम्ही ज्यांच्या हाताखाली लढलात त्या सरदार सुभेदार साहेबांना एकदा फोन करा. केस बांधून लढणं म्हणजे काय हे त्यांना विचारा, आणि मग ग्रुपवर लिहा.

जय हिंद.