आपत्ती येते तेव्हा पहिली दहा मिनिटं तुमचीच



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण प्रोजेक्ट रिपोर्टबद्दल बोललो. मशिनरी किती, खेळतं भांडवल किती, हप्ता किती बसतो. त्यातलं एक पान मी मुद्दाम इथे लिहायला ठेवलं. ते पान बँक मागत नाही, सीए लिहीत नाही आणि आपण तर त्याचा विषयच काढत नाही. दुकानात आग लागली, गोडाऊनमध्ये पाणी शिरलं, तर पहिली दहा मिनिटं कोण काय करणार? माझं मत स्पष्ट आहे: हे पान नसेल तर तुमचा रिपोर्ट अर्धवट आहे.

"अहो सर, नारळ फोडायच्या आधीच अभद्र कशाला बोलता?" हे वाक्य प्रत्येक बॅचमध्ये ऐकू येतं. अभद्र नाही हो, आपल्याच गावाचं बोलतोय.

सोलापुरात काय होतंय?

१८ मे २०२५, रविवारची पहाट. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. त्यात मालक होते, त्यांच्या घरातली माणसं होती, कामगार होते. त्या आगीचं कारण आणि जबाबदारी ठरवायला यंत्रणा आहेत, तो आपला विषय नाही. आपण आपल्याकडे बघू. आपल्या शहरात राहणं आणि कमावणं एकाच आवारात चालणारी ठिकाणं कमी आहेत का? खाली यंत्रमाग, वर खोली. पुढे दुकान, मागे घर. दार एकच. जिन्यात सुताची पोती, मागच्या दारासमोर खोक्यांची थप्पी. आणि काही ठिकाणी तर रात्री पोरगा आत झोपलेला आणि शटरला बाहेरून कुलूप!

चोरीची भीती म्हणून कुलूप लावतो आपण. पण चोरीत माल जातो, आगीत माणूस जातो. हा हिशोब बीबीए न करताही कळतो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सीना नदीला पूर आला. आपला जिल्हा दुष्काळी, टँकरचा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याच जिल्ह्यात करमाळा, माढा, मोहोळकडच्या गावांत घरादारांत पाणी शिरलं आणि लांबोटीजवळ पाणी आल्यामुळे सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. ज्यांचा माल पुण्याहून येतो, त्यांना विचारा त्या दिवसांत काउंटरवर काय परिस्थिती होती. तुमच्या दुकानात पाण्याचा थेंब आला नाही तरी तुमचा धंदा थांबू शकतो, हे त्या पुरानं दाखवलं.

सरकारी प्लॅन आहे, पण तो शटरपर्यंतच

"हे सगळं सरकारचं काम आहे" असं म्हणणाऱ्यांना मी अर्धं बरोबर म्हणतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्रानं आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे करायला घेतले. देशाचा कायदा त्यानंतर, २००५ साली आला. त्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे, जिल्ह्याचा आराखडा आहे, नियंत्रण कक्ष आहे. 'आपदा मित्र' योजनेतून स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिलं जातं.

म्हणजे प्लॅन आहे. पण त्या प्लॅनमध्ये तुमच्या दुकानाचा मेन स्विच कुठे आहे ते लिहिलेलं नाही. मागच्या दाराची चावी कुणाकडे असते ते कलेक्टर साहेबांना माहीत नाही. बंब निघाला तरी दिवाळीच्या गर्दीत नवी पेठेत किंवा मधल्या मारुतीपाशी तो किती वेळात पोचेल, तुम्हीच सांगा. तिथे आपल्याला साधी दुचाकी काढता येत नाही. तोपर्यंतचा वेळ तुमचा आणि तुमच्या कामगारांचा.

एक कागद, पाच गोष्टी

जाड फाईल नको. एक कागद, मराठीत, मोठ्या अक्षरात, काउंटरजवळ चिकटवलेला. कामगाराला मराठी वाचता येत नसेल तर त्याच्या भाषेत. त्यावर एवढंच:

१. कोण काय करणार. मेन स्विच कोण बंद करणार, फोन कोण करणार, गिऱ्हाइकांना बाहेर कोण काढणार. नावानिशी लिहा. तो सुट्टीवर असेल तर दुसरा कोण, तेही लिहा. "सगळ्यांनी बघायचं" म्हणजे कुणीच बघायचं नाही.

२. नंबर. ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. शिवाय दुकानाचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही धड सांगता येत नाही.

३. बाहेर पडायच्या वाटा. दोन पाहिजेत. दुसरी वाट नसेल तर जागा भाड्यानं घेतानाच विचार करा. असेल तर तिच्यासमोर एक खोकंसुद्धा नको. आत माणूस असेल तर बाहेरून कुलूप नाही म्हणजे नाही.

४. अग्निशामक सिलिंडर. एबीसी पावडरचा चालतो. तो आत कोपऱ्यात नको, दाराजवळ टांगा, म्हणजे वापरणाऱ्याच्या पाठीशी बाहेरची वाट राहते. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा, डावीकडून उजवीकडे फिरवायचं. छोटा सिलिंडर काही सेकंदांतच संपतो, त्यामुळे तो सुरुवातीच्या लहान आगीसाठीच. भडका उडाला की सिलिंडर टाका आणि बाहेर पडा. वायरिंगच्या आगीवर पाणी मारायचं नाही.

५. बाहेर जमायची जागा. समोरचं देऊळ, चहाची टपरी, काहीही. तिथे डोकी मोजायची. नाहीतर जो बाहेर सुखरूप आहे, त्यालाच शोधायला दुसरा आत जातो.

आणि सराव करा. यावर मी हट्टी आहे. आपल्याकडे ट्रेनिंग म्हटलं की सर्टिफिकेट, ग्रुप फोटो आणि नाश्ता. पण धुरात सर्टिफिकेट आठवत नाही, हाताला सवय असेल तेच होतं. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यात, तो ज्या इमारतींना लागू आहे तिथे, आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. तोच मुहूर्त धरा. माझ्या दुकानात वर्षातून दोनदा, शटर टाकायच्या आधी दहा मिनिटं आम्ही सराव करतो. पोरं हसतात. हसू दे, पण मेन स्विचकडे कोण धावणार हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

माणसं वाचल्यावर धंदा वाचवायचा

२२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. अशा वेळी माल तर जातोच, पण माल किती होता याचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो. म्हणून स्टॉकचा हिशोब आणि खरेदीची बिलं दुकानाबाहेरही ठेवा. महिन्यातून एकदा मोबाईलवर फोटो काढून घरच्या माणसाला पाठवलेत तरी चालेल.

विम्याबद्दल दोन शब्द. एका ठिकाणची मालमत्ता आणि माल मिळून पाच कोटींपर्यंत असेल, त्यांच्यासाठी २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी आहे. आग, पूर, वादळ, भूकंप त्यात येतात. "बँकेनं विमा काढलाय" एवढ्यावर थांबू नका. कागद मागून घ्या आणि वाचा. गोडाऊनचा पत्ता त्यात आहे का? रक्कम आजच्या स्टॉकची आहे, की कर्ज घेतलं तेव्हाची?

आणि मागायलाही शिका

माझी सरकारकडे तक्रार एकच आहे: प्रशिक्षण बाजारपेठेत येत नाही. पण आपणही कधी बोलावत नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम ३० मध्ये लोकांसाठी प्रशिक्षण आणि जनजागृतीला मदत करणं हे जिल्हा प्राधिकरणाचं काम म्हणून लिहिलंय. तेव्हा गल्लीतल्या दहा दुकानदारांनी सह्या करून जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि महापालिकेच्या अग्निशमन दलाला पत्र द्या: आमच्या गल्लीत येऊन एक तास प्रात्यक्षिक दाखवा, आणि बंब इथून आत येतो का तेही बघा. पोच घ्या. पंधरा दिवसांनी पुन्हा जा. वसुलीला जातो तसं जायचं.

खर्चाचं विचाराल तर एक सिलिंडर, एक कागद, वर्षाला वीस मिनिटं. उद्घाटनाच्या हारतुऱ्यांवर आपण याहून जास्त घालवतो.

तेव्हा आज दुकान बंद करताना एकच काम करा. मागच्या दारासमोरची खोकी हलवा आणि दार उघडतं का बघा. कागद उद्या लिहू.