क्षमायाचनेनंतरचे देणे

रविवारची मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक सद्गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा टोरांटोला असतो. काहीशा त्राग्यानेच ते म्हणाले, "फादर, पोपमहोदयांनी कॅनडात जाऊन माफी मागितली. आता त्या आदिवासींना आणखी काय हवे? मुलांची मने बिघडली असतील तर डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत. ते धूर घेणे, ढोल बडवणे कशाला? आणि त्यासाठी चर्चने पैसे का मोजावेत?" घाईत मी काहीतरी गुळमुळीत बोललो. खरे उत्तर येथे देतो, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.

कॅनडात शंभराहून अधिक वर्षे सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत ठेवण्यात आले. पैसा शासनाचा, कारभार चर्चचा. आणि त्यांतील निम्म्याहून अधिक शाळा आपल्या, म्हणजे कॅथलिक संस्थांच्या. तेथे मुलांचे केस कापले, नावे बदलली, मातृभाषेत बोलणाऱ्याला शिक्षा केली. हजारो मुले घरी परतलीच नाहीत. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे ही काही पुराणकाळची गोष्ट नव्हे. सहाव्या वर्षी आईच्या कुशीतून ज्याला ओढून नेले, त्याने बाप कसे व्हावे हे कोणाकडून शिकायचे? तो मोठा झाला, दारूत बुडाला, आणि त्याच्या लेकरांना त्याचे मौन वारशाने मिळाले.

अशा घरात शहरातून समुपदेशक येतो आणि इंग्रजीत प्रश्न विचारतो. आई गप्प राहते. ती हट्टी नाही, भ्यालेली आहे. आपल्या तोंडून काही वावगे गेले तर मूल पुन्हा नेतील, अशी तिला धास्ती असते. ती खोटी कशी म्हणावी? २०२१ च्या जनगणनेनुसार कॅनडातील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत आदिवासी मुले ७.७ टक्के आहेत. मात्र पालककुटुंबांत ठेवलेल्या मुलांत त्यांचे प्रमाण ५३.८ टक्के आहे.

मग औषध कोणते? मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लॅलाँड या मानसशास्त्रज्ञांनी ब्रिटिश कोलंबियातील आदिवासी वस्त्यांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला. ज्या वस्त्यांनी जमिनीचा हक्क, स्वशासन, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस व अग्निशमन आणि सांस्कृतिक केंद्र या साऱ्यांत स्वतःचा शब्द मिळवला होता, तेथे अभ्यासाच्या काळात एकाही तरुणाने आत्महत्या केली नव्हती. इतरत्र मात्र आकडे भयंकर होते. पुढे २००७ मध्ये असेही आढळले की, जेथे निम्म्याहून अधिक लोक आपली भाषा बोलू शकत, तेथे तरुणांच्या आत्महत्या अत्यल्प होत्या. आजीची भाषा, वडीलधाऱ्यांसोबतची शिकार, ढोलाभोवतीचे गाणे यांना उपचारांची शोभा समजू नये. त्या मुलांपुरते तेच उपचाराचे अंग आहे. डॉक्टर नको असे कोणी म्हणत नाही. डॉक्टरने वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसावे, त्यांच्या डोक्यावर नव्हे, एवढीच मागणी आहे.

"पण ही तर मूर्तिपूजा!" असा शेरा हमखास येतो. आपण वेदीवर धूप जाळतो तो कशासाठी? एडमंटन येथील सेक्रेड हार्ट चर्चमध्ये, जेथे २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस गेले, आदिवासी कॅथलिक आपल्या सुगंधी वनस्पतींचा धूर उपासनेत वापरतात. दुसऱ्याच दिवशी लाक सेंट अ‍ॅन या तीर्थक्षेत्री पोपमहोदयांनी संत आन्नाच्या निमित्ताने आज्यांचाच गौरव केला. आपल्याला तरी हे कळायला हवे. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या पूर्वजांना ख्रिस्तपुराण मराठीतच दिले, आणि १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने कोकणीवर बंदीचा हुकूम काढला. यांतील कोणाचे नाव आपण प्रेमाने घेतो?

राहिला पैशाचा मुद्दा. सेमिनरीत आम्हांला शिकवले गेले की पश्चात्ताप आणि पापनिवेदन झाले तरी चोरलेली वस्तू परत केल्यावाचून सुटका नाही. २००६ च्या समझोत्यात कॅथलिक संस्थांनी या लोकांच्या उपचारांसाठी अडीच कोटी डॉलर जमवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करू, असे मान्य केले. जमले ४० लाखांपेक्षाही कमी. आणि २०१५ साली न्यायालयाच्या निकालाने त्या संस्था उरलेल्या जबाबदारीतून मोकळ्या झाल्या. कायद्याने मोकळ्या, मी म्हणतो. त्याआधी, २०१४ मध्ये, आदिवासींनी स्वतः चालवलेली अ‍ॅबोरिजिनल हीलिंग फाउंडेशनही शासनाचा निधी आटल्याने बंद पडली होती. म्हणजे जेथे वडीलधाऱ्यांच्या हाती उपचार होते, तेच दार आधी मिटले. २०२१ साली कॅनडाच्या बिशपांनी पाच वर्षांत तीन कोटी डॉलर देण्याचे नव्याने जाहीर केले, याचे मी स्वागत करतो. पण तो पैसा कोणत्या वस्तीत, कोणत्या कामावर खर्च व्हावा हे त्या वस्तीतील आज्यांनी ठरवावे, आम्हां धर्मगुरूंनी नव्हे. आम्ही एकदा ठरवून पाहिले आहे.

त्या सद्गृहस्थांचा मुलगा तेथे दर रविवारी चर्चला जातो, असे ते अभिमानाने सांगतात. त्याच्या चर्चमध्ये या निधीसाठी थाळी फिरली असेल, तर त्याने तीत काय टाकले, हे त्यांनी पुढच्या फोनवर विचारावे.