दिवा घालवू नका, दोष शोधा!

"साहेब, ब्रेक लागतोय ना व्यवस्थित? मग तो दिवा सोडून द्या की!"

गॅरेजमधलं हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ब्रेकचं काम करायला गाडी देताना डॅशबोर्ड स्वच्छ होता. परत घेताना एबीएसचा पिवळा दिवा पेटलेला. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी काहीतरी केलंय. हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. पण गिऱ्हाईकालाच शंकेखोर ठरवायचं आणि वर चहा पाजायचा, अशी आपली पद्धत!

आता काही मंडळी म्हणतील, आमच्या फियाटला कुठे होतं एबीएस? नव्हतंच. पण तेव्हा निसरड्या रस्त्यावर ब्रेक पंप करायची पायाला सवय होती. आज आपण पेडल घट्ट दाबून धरतो आणि बाकीचं यंत्रावर सोडतो. चाकं जाम होऊ न देणं, म्हणजे ब्रेक मारतानाही गाडी वळवता येणं, हे एबीएसचं काम. शिवाय पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून द्यायला पूर्वी एक यांत्रिक व्हॉल्व्ह असायचा. बऱ्याच नव्या गाड्यांत तेही काम याच यंत्रणेकडे आहे (त्याला ईबीडी म्हणतात). म्हणून एबीएस बंद पडलेली नवी गाडी म्हणजे जुनी फियाट नव्हे. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी पुढे रेटूच नका. पावसाळ्यात वरंधा घाट उतरताना हा फरक कळून उपयोग काय?

१९७८ साली बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आपल्याकडे २०१९ पासून नव्या मोटारींत ते सक्तीचं आहे. कायद्याने गाडीत बसवलं, पण ते दुरुस्त करायची शिस्त मात्र गॅरेजमध्ये पोचली नाही.

खरं तर प्रकार फार गूढ नाही. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. तो दातेरी रिंगवरून किंवा बेअरिंगमधल्या चुंबकी पट्टीवरून चाकाचा वेग मोजतो. ब्रेकचं काम करताना हात नेमके तिथेच जातात. कनेक्टर नीट बसत नाही, सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटतो, हातोडीने रिंगचा दात उडतो. बेअरिंग उलटं बसलं तर चुंबकी बाजू सेन्सरपासून लांब जाते आणि सेन्सर आंधळा होतो. यातलं काहीही डोळ्यांनी आणि साध्या मीटरने शोधता येतं.

माझ्या आत्येभावाच्या गाडीचंच घ्या. पुढचे पॅड बदलले आणि दिवा लागला. गॅरेजवाल्याने तीनदा कोड पुसला. दिवा विझायचा, दोन दिवसांनी परत हजर! मग निदान झालं, "मॉड्यूल गेलंय." खर्च पाच आकडी. मी म्हटलं, थांब. दुसरीकडे स्कॅनर लावून चारही चाकांचे वेग चालत्या गाडीत बघितले. सरळ रस्त्यावर चारही सारखे. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की डावं पुढचं चाक थेट शून्यावर! सेन्सरची वायर तिच्या क्लिपमध्ये परत अडकवलीच नव्हती. प्रत्येक वळणावर ताणली जाऊन ती आतून तुटली होती. मॉड्यूल ठणठणीत.

माझा राग चुकीवर नाही. क्लिप राहू शकते, माणूस आहे. राग आहे तो कोड पुसण्याला दुरुस्ती म्हणण्यावर. ताप उतरवला म्हणजे टायफॉईड गेला का? आणि कोड "डावा पुढचा सेन्सर" म्हणाला तरी दोष सेन्सरचाच असतो असं नाही. वायर, कनेक्टर, रिंग, बेअरिंग, सगळेच त्यात येतात. कोड फक्त गल्ली दाखवतो, घर आपण शोधायचं.

तेव्हा माझ्या तमाम काका, मामा, वहिनींनो, ब्रेकचं काम झाल्यावर पैसे देण्याआधी एवढं करा. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागून काही सेकंदांत विझतो का बघा. लागलाच नाही तर समजा, कुणीतरी दिव्याचीच सोय लावलीय. काही गाड्यांत थोडं अंतर चालवल्यावरच तो विझतो, म्हणून एक चक्कर मारा. पेटलेलाच राहिला तर विचारा, कुठला कोड आला? तुमचा स्कॅनर एबीएस वाचतो की फक्त इंजिन? (स्वस्तातले बरेचसे फक्त इंजिनच वाचतात!) चारही चाकांचे वेग पाहिलेत का?

उत्तर "साहेब, टेन्शन घेऊ नका" असं आलं, तर चावी परत मागा.