मोजणी माणसांची की वाटेची?

खेड्यास पक्की सडक द्यावयाची की नाही, हे ठरविताना आपल्याकडे बहुधा पहिला प्रश्न असतो : गावात माणसे किती? २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाटीवरील ५०० किंवा अधिक वस्तीच्या आणि डोंगराळ, वाळवंटी व आदिवासी मुलखातील २५० किंवा अधिक वस्तीच्या गावांना सडका देण्याचे योजिले. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही मुख्यतः हेच आकडे कायम आहेत. आणि त्यासाठी जनगणना धरली आहे ती २०११ ची.

या नियमाला आधार नाही असे नव्हे. सडकेला लागणारी खडी व डांबर, तिच्यावरून शंभर माणसे जाणार की हजार, हे पाहून कमीजास्त होत नाही. तिजोरी मर्यादित असली, म्हणजे जेथे अधिकांची सोय होईल तेथून आरंभ करणे शहाणपणाचे. परंतु रांगेत प्रथम कोणी उभे राहावे हे ठरविणे निराळे, आणि कोणाला रांगेतच घेऊ नये हे ठरविणे निराळे.

सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या खोऱ्याकडे पाहा. १९६० नंतरच्या दशकात धरणाचे पाणी तुंबून तेथे शिवसागर हा विस्तीर्ण जलाशय झाला. त्या पाण्याच्या विजेने महाराष्ट्रातील कारखाने चालले, शहरे उजळली. खोऱ्यातील सुपीक शेते आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा मात्र पाण्याखाली गेल्या. पुष्कळ कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत वसविण्यात आली. जी वरच्या उतारावर सरकून राहिली, त्यांना पलीकडचा काठ डोळ्यांनी दिसे. पण तेथे पोहोचावयाचे तर लाँचची वाट पाहावी लागे. बामणोली व तापोळा येथून आजही लाँच सुटतात. वादळी वाऱ्यात त्या सोडणे धोक्याचे असते. ज्यांनी वाटा दिल्या, त्यांना वाट देताना त्यांची डोकी मोजावीत, हे मला पटत नाही.

अशा गावातील कर्ता मनुष्य मुंबईस जातो. त्याचे घर गावात, शेत गावात, यात्रेला येणे गावात. पण जनगणनेत माणसाची नोंद होते ती तो राहतो तेथे. गावाचा आकडा उतरतो, आकड्याबरोबर सडकेवरचा हक्क दुबळा होतो, आणि सडक नाही म्हणून आणखी दोन घरांना कुलूप लागते. आजाऱ्यास डोलीतून न्यावयाचे तर निदान चार खांदे लागतात. ते खांदेच गावात उरलेले नसतात.

सडक झाली की माणसे गावातच राहतील, असे मात्र मी म्हणणार नाही. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत सडका होत्या, एस. टी. होती, रेल्वेही होती. तरी २००१ ते २०११ या काळात तेथील लोकसंख्या घटली. जाणारे जातील. प्रश्न मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचा आणि तुमच्या वयाच्या दहा-बारा मुलांचा आहे.

१९४३ साली नागपूर येथे भरलेल्या अभियंत्यांच्या परिषदेने देशातील रस्त्यांचा आराखडा केला, तेव्हा शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे धोरण ठेविले होते. माणसांऐवजी अंतर मोजणारी ही दृष्टी मला अधिक न्याय्य वाटते. आज तिच्यात वेळेची भर घालावी. ऑगस्टातल्या एखाद्या पावसाळी दिवशी या वाडीतून डॉक्टरपर्यंत आणि आठवीच्या वर्गापर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागतो, हे प्रत्यक्ष चालून पाहावे आणि त्यावरून सडकांचा क्रम लावावा. जेथे सडक खरोखरच परवडणार नाही, तेथे ओढ्यावर साकव बांधावा, लाँचच्या वेळा नेमून द्याव्यात. आणि जेथे सडक झाली आहे, पण सकाळची एस. टी. शाळा भरल्यावर अर्ध्या तासाने पोहोचते, तेथे ती एक तास आधी सोडावी. त्यासाठी खडी लागत नाही आणि डांबरही लागत नाही.