गाडी फोर बाय फोर आहे, पण रस्ता वाडीचा आहे

पोस्ट मोठी आहे. गाडीचा नाद असणाऱ्यांनी आणि पर्यटनावर ज्यांचं पोट आहे त्यांनी, दोघांनीही शेवटपर्यंत वाचावी. मग शिव्या द्यायच्या तर द्या.

मागच्या रविवारी घाटघरच्या बाजूला एका वाडीवर गेलो होतो. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की पुढच्या शनिवारी तिथं अजून वीस गाड्या उभ्या राहतील. हे अनुभवानं सांगतोय, तो अनुभव पुढे येईलच.

डांबरी रस्त्यापासून वाडीपर्यंत दीडेक किलोमीटर कच्चा रस्ता आहे. लोकांनी श्रमदानातून मुरूम टाकून केलेला. आता त्यावर गुडघाभर खोल दोन चाकोऱ्या पडल्यात आणि मधे मातीचा वरंबा उभा राहिलाय. दुधाची पिकअप चार दिवस वर आलीच नाही. चार दिवस बायाबापड्यांनी भर पावसात किटल्या डोक्यावर घेऊन दूध खाली डांबरीपर्यंत पोचवलं. ओढ्याच्या कडेला एका खाचरात भाताचं रोप होतं, आवणीला आलेलं. त्यातून एक गाडी सरळ आरपार गेलेली. टायरची नक्षी चिखलात स्पष्ट उमटलेली होती.

ज्यांचं रोप होतं त्या आजी चिडलेल्या नव्हत्या, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाल्या, "त्यांला वाटलं गवात हाय, बाबा."

ज्यांनी राब भाजलाय, पहिल्या पावसावर बी टाकलंय, त्यांना माहितीय की आवणीच्या तोंडावर गेलेलं रोप पैशानं परत येत नाही. शेजाऱ्याचं उरलं तर मागायचं, नाहीतर ते खाचर पडीक ठेवायचं.

आता माझी कबुली. दोन वर्षांपूर्वी याच भागात आलेल्या एका ऑफ-रोड ग्रुपचा व्हिडिओ मीच टाकला होता. चिखल उडवत ओढ्यातून निघणाऱ्या गाड्या, मागे धुकं, वर कळसूबाईची रांग. सोबत लोकेशनही टाकलं होतं. माझ्या पेजवर आजवर सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तोच. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं, बातमी छापण्याआधी ती कुणाच्या अंगावर जाऊन पडणार आहे ते बघा. मी नाही बघितलं. तो व्हिडिओ परवा काढून टाकला. पण रस्ता काही त्यानं सरळ होत नाही.

मी गाड्यांच्या विरोधात नाही. उलट मला स्वतःला हा नाद आहे. घरी जुनी एमएम ५४० आहे, सेकंडहँड घेतलेली. आपल्या तालुक्यात जीप ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. १९४७ नंतर महिंद्रानं मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि पुढच्या काही दशकांत या डोंगरपट्ट्यात जीप हीच एसटी, जीप हीच रुग्णवाहिका आणि जीप हीच वरातीची गाडी झाली. त्या जीप चालवणाऱ्यांनी कधी कुणाचं खाचर तुडवलं नाही. कारण ज्या वाटेनं आज जायचं, त्याच वाटेनं उद्या परत यायचं होतं.

त्यांचं चालवणं आठवा. अवघड चढ आला की गाडी थांबवायची, छोटा गियर टाकायचा, म्हणजे फोर लो. मग पहिल्यावर, जवळजवळ ॲक्सिलरेटर न देता, गाडी मुंगीसारखी वर चढवायची. फोर लोमध्ये चाकाला ताकद जास्त मिळते आणि वेग कमी, त्यामुळे चाक घसरत नाही, पकड धरतं. आता येणारी बरीच पोरं फोर हायमध्ये वेग घेऊन चढावर गाडी फेकतात. चाकं जागेवर गरागरा फिरतात आणि मोठ्या खाचांचे मड टायर रस्ता अक्षरशः खणून काढतात. व्हिडिओ भारी दिसतो हे मात्र खरं. पण चाक फिरतंय आणि गाडी पुढे जात नाही, याला चालवणं म्हणत नाहीत, याला खोदकाम म्हणतात.

चिखलात फुकटातला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे टायरची हवा कमी करणं. रस्त्यावर ३०-३२ असेल तर १८-२० पर्यंत आणायची. टायर पसरतो, वजन विभागलं जातं, पकड वाढते आणि जमीनही कमी फाटते. डांबरीवर आल्यावर मात्र पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फुटतो किंवा वळणावर रिमवरून उतरतो. शंभर जणांना विचारा, पंपाचा छोटा कॉम्प्रेसर किती जणांच्या डिकीत आहे? छतावर लाइटचा बार मात्र सगळ्यांकडे असतो.

मीही हा शहाणपणा अक्कल खाती पैसे घालून शिकलोय. हौसेनं जीपला मोठी चाकं टाकली, पाट्यांखाली लांब शॅकल घालून गाडी उंच केली. दिसायला एक नंबर. एकदा चंदनापुरी घाट उतरताना पुढच्या ट्रकनं वेग कमी केला, मी ब्रेक दाबला आणि जीप नेहमीच्या अंतरात थांबलीच नाही. ट्रकच्या मागच्या गार्डला जाऊन टेकली. शेजारी माझा मुलगा बसला होता. बंपर वाकला, बाकी काही झालं नाही. पण त्या दोन सेकंदांत काय वाटलं ते लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्री एवढंच बोलला, "साहेब, चाक मोठं केलं, ब्रेक तेवढाच ठेवला."

गणित साधं आहे. ३१ इंचाच्या जागी ३३ इंचाचं चाक घातलं की मीटरवर ८० दिसतं तेव्हा गाडी ८५ नं पळत असते. चाक मोठं आणि जड, म्हणून थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. गाडी उंच झाली की तोल वर सरकतो, वळणावर पलटायची शक्यता वाढते. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, त्याचे क्रॉस लवकर खातात. एक गोष्ट बदलली की तिच्या मागच्या चार बदलाव्या लागतात. त्या चार दिसत नाहीत, म्हणून कुणी करत नाही.

स्नॉर्केलचंही तसंच. ती काळी नळी इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून असते. पण एअर फिल्टरच्या डब्याची खालची भोकं उघडीच असतील, जोडावर सील नसेल, डिफरन्शिअलच्या ब्रीदर नळ्या खालीच असतील, तर ती नुसती शोभेची. आणि नळी अगदी बरोबर बसवली तरी वायरिंग, दरवाजे, ब्रेक सगळं खालीच राहतं. २०२० च्या थारला कंपनी ६५० मिलिमीटर पाण्याची मर्यादा सांगते, म्हणजे सव्वादोन फुटांच्याही आत. तेही संथ पाण्यात. आपले ओढे पावसाळ्यात संथ असतात का? वाहत्या पाण्यात गाडी हलकी होते, चाकं जमीन सोडतात आणि मग फोर बाय फोर काय न् टू बाय टू काय, सगळं सारखंच.

देखभालीचं कुणी बोलतच नाही. पाण्यातून गाडी काढली की डिफरन्शिअलचं ऑइल बघावं लागतं. ते चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, लगेच बदलायचं. ड्रममधला चिखल काढायचा, क्रॉसना ग्रीस मारायचं, रेडिएटरच्या जाळीतली माती धुवायची, चॅसिसची पाणी निघायची भोकं मोकळी करायची. वर्षभर फोर व्हील न टाकता ठेवली तर ऐनवेळी ती लागतच नाही. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडी चालवायची. कोरड्या डांबरीवर मात्र अशी फोर व्हील टाकायची नाही, वळताना पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन गियर बॉक्सला ताण येतो. ही कामं वाडीवरचा जीपवाला न शिकता करायचा. लाखभराचं सामान लावलेल्या गाड्या ब्रेक कोरडे न करता रविवारी रात्री घाट उतरतात.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण "आम्ही स्वतःच्या पैशानं केलंय" असं नेहमी ऐकायला मिळतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ मापांत मनासारखा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढच्या लोखंडी बुलबारवर कारवाई करा असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. आणि विमा कंपनीला न सांगता केलेल्या बदलांमुळे क्लेम अडकला, तर भांडायला जागा फारशी राहत नाही. वर हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. रस्ता सोडून आत गाडी घालणं हा वन्यजीव कायद्याचा प्रश्न आहे, हौसेचा नाही.

पण नुसता दंड लावून प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. दुसरी बाजूही खरी आहे. काजव्यांच्या दिवसांपासून पावसाळा संपेपर्यंत घरगुती जेवण, तंबू, गाइड यावर कित्येक घरं चालतात. गाड्या बंद करा म्हटलं की पहिला मार त्या घरांना बसेल. आणि आपलीही पोरं पाचशे रुपयांसाठी "चला, पुढचा ओढा दाखवतो" म्हणत पुढे बसतात, हेही लपवण्यात अर्थ नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. ग्रामपंचायतींनी आणि वन खात्यानं मिळून अभयारण्याबाहेर, शेतापासून लांब, पडीक माळावर एखादी जागा ठरवावी. शुल्क घ्यावं, त्यातला वाटा वाडीच्या रस्त्याला द्यावा. इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड शिकवणारी अकादमी आहे, म्हणजे हे शिस्तीत करता येतं. आपली वीस पोरं त्यात शिकली तर गाडी ओढून काढायचं कामही नीट करतील. आज साखळी नाहीतर जुना वायर रोप बंपरला बांधून ट्रॅक्टरनं ओढतात. तो तुटला तर माणूस जागेवर जाईल. विंचचा रोप थेट हिरड्याच्या खोडाला आवळतात, साल कापली जाते आणि झाड वाळतं. रुंद पट्टा वापरला तर झाड वाचतं. बाळहिरडा वेचून ज्यांचं वर्ष निघतं, त्यांना त्या एका झाडाची किंमत विचारा.

तोपर्यंत शेंडीच्या नाक्यावर पावती फाडताना एक गोष्ट करता येईल. गाडीचा नंबर लिहून घ्या आणि एक कागद हातात द्या: रस्ता सोडायचा नाही, हिरवं दिसेल ते गवत समजायचं नाही.

त्या वाडीच्या रस्त्याचे फोटो आणि अर्ज उद्या तहसील कार्यालयात देतोय. रविवारी सकाळी आठ वाजता तिथं श्रमदान आहे. वाडीचं नाव मेसेजमध्ये सांगेन. माझी जीप मुरूम वाहायला असेल, कंपनीच्या मूळ चाकांवर. मोठ्या चाकांच्या गाड्या असणाऱ्यांनीही यावं. मुरूम खूप लागणार आहे.