आवाज उतरला म्हणजे काय?

आमच्या महाविद्यालयात गाण्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. कँटीनमध्ये, एस.टी.च्या थांब्यावर, गॅदरिंगच्या तालमीत ही चर्चा सारखी चाललेली असते. तीत एखाद्या वयस्क गायकाचे किंवा गायिकेचे नाव निघाले की एक वाक्य हमखास ऐकू येते : "आता तो आवाज राहिला नाही हो!" बोलणारा स्वतःला जाणकार समजतो आणि ऐकणारेही माना डोलावतात. या वाक्याला माझा विरोध आहे. तो का, हे एका ध्वनिमुद्रिकेच्या आधाराने सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

ध्वनिमुद्रिका आशा भोसले यांची आहे. नाव 'यू हॅव स्टोलन माय हार्ट', साल २००५. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीची. अमेरिकेतील नॉनसच कंपनीने ती काढली. सॅन फ्रान्सिस्कोचा 'क्रोनोस क्वार्टेट' हा दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चार तंतुवाद्यांचा संच तीत वाजतो. तबल्यावर झाकीर हुसेन आहेत, तर पिपा या चिनी तंतुवाद्यावर वू मान. चाली सगळ्या राहुल देव बर्मन यांच्या. क्रोनोसला पंचमदांच्या संगीताची ओढ त्याआधीच लागलेली होती. त्यांच्या २००० सालच्या 'कॅराव्हॅन' या ध्वनिमुद्रिकेत 'अनामिका' चित्रपटातले 'आज की रात' त्यांनी वाजविले होते. पुढे प्रत्यक्ष आशाताईच त्यांच्याबरोबर गायल्या. हिला ग्रॅमीचे मानांकन मिळाले एवढे सांगून बहुतेक लोक थांबतात. मानांकनाने कानात काही भर पडत नाही, तेव्हा तो विषय येथेच सोडतो.

आशाताईंचा जन्म १९३३ चा. 'माझं बाळ' या मराठी चित्रपटासाठी त्यांनी पहिले गाणे म्हटले ते १९४३ साली. म्हणजे ही ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा त्यांचे वय ७१ होते आणि गाण्याला ६२ वर्षे झाली होती. आमच्या गावात ७१ व्या वर्षी माणसे देवळाच्या पायरीवर बसलेली असतात. (बायका मात्र त्या वयातही खुरपणीला जातात, ही गोष्ट वेगळी.)

आता मूळ गाणी कशी तयार झाली ते ध्यानात घेऊ. १९७० च्या सुमारास मुंबईच्या स्टुडिओत सारा वाद्यवृंद आणि गायिका एकाच वेळी गात-वाजवीत असत. भूपिंदर सिंग यांची गिटार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, मारुतीराव कीर यांचा तबला अशी एकाहून एक मंडळी पंचमदांच्या ताफ्यात होती. एकाचीही चूक झाली की सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात! त्यामुळे त्या गाण्यांत गर्दीची एक ऊब आहे. क्रोनोसने नेमकी उलट वाट धरली. चौघांनी आपलेच वादन थरावर थर देऊन मुद्रित केले आणि चौघांचा वाद्यवृंद उभा केला. तो कितीही भरगच्च वाजला तरी त्याला दोन वाद्यांमधली फट बुजविता येत नाही. माझ्या मते ही फटच या ध्वनिमुद्रिकेचे भाग्य आहे, कारण आवाज तीतून बाहेर येतो. जुन्या मुद्रणात आवाज वाद्यांच्या लाटेवर स्वार झालेला असे. येथे तो एकटा चालतो, आणि एकट्याने चालणाऱ्याचे पाऊल कसे पडते ते आपल्याला ऐकू येते.

सगळेच जमले आहे असे नाही. आरंभीचे 'दम मारो दम' मला पटले नाही. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधल्या त्या गाण्यात एक बेफिकिरी होती. येथे आवाज स्वतःच्याच जुन्या तबकडीशी शर्यत लावतो आणि वाद्येही त्याला उगाच पळवितात. "तो आवाज राहिला नाही" असे म्हणणाऱ्याने हे एकच गाणे ऐकले असेल, तर त्याला मी दोष देणार नाही.

पण पुढे 'पिया तू अब तो आजा' येते. तेही १९७१ चेच, 'कारवाँ' चित्रपटातले, पडद्यावर हेलन. या गाण्यातले धापा टाकणे प्रसिद्ध आहे. तेव्हा ३७-३८ वर्षांच्या आशाताईंना धाप लागण्याचे काही कारण नव्हते. तो श्वास अभिनयाचा होता, आणि काय अभिनय! २००५ मध्ये त्याच जागी तोच श्वास येतो तेव्हा त्यातला अभिनय कोणता आणि वय कोणते हे सांगता येत नाही. आपला खरा श्वासही त्या गाण्याच्या कामाला लावतात. नाचणारी तीच आहे, पण ती आता वाट पाहून दमली आहे. हा अर्थ १९७१ च्या गाण्यात नव्हता, आणि असणे शक्यही नव्हते.

'चुरा लिया' विषयी थोडक्यातच सांगतो, कारण १९७३ च्या 'यादों की बारात'मधले ते गाणे सर्वांना पाठ आहे. ग्लासावरच्या त्या किणकिणाटाने सुरू होणारे मूळ गाणे अल्लड आहे. इथली स्त्री अल्लड नाही. समोरच्याला काय बोलायचे हे तिला आधीपासून ठाऊक आहे, आणि ती सावकाश बोलते.

मला अधिक लिहायचे आहे ते 'मेरा कुछ सामान' वर. गुलजारांची ही रचना १९८७ च्या 'इजाजत' चित्रपटातली. हिला ठरीव वृत्त नाही. आपण वर्गात ज्याला मुक्तछंद म्हणून शिकतो तसलेच हे काव्य. ते पाहून पंचमदांनी थट्टेने कपाळाला हात लावला आणि आशाताईंच्या गुणगुणण्यातून चालीचे टोक सापडले, अशी हकीकत सांगतात. गुलजार आणि आशाताई या दोघांनाही या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एक स्त्री दुरावलेल्या प्रियकराकडे राहिलेले आपले सामान परत मागते आहे, आणि ते सामान म्हणजे भांडीकुंडी नसून काही दिवस, काही रात्री, काही ओलावा आहे.

१९८० मध्ये आशाताई आणि पंचमदा यांचा विवाह झाला. ४ जानेवारी १९९४ रोजी पंचमदा गेले. तेव्हा २००५ मध्ये हे गाणे पुन्हा गाताना सामान मागायचे ते कोणाकडे, असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात येतोच. येथे आमचे मराठीचे सर मला थांबवतील. कवीचे चरित्र कवितेवर लादू नका, असे ते नेहमी सांगतात, आणि ते मला मान्य आहे. गायिकेच्या वैधव्यावर डोळे पुसणे सोपे आहे. त्याला गाणे ऐकावेही लागत नाही. म्हणून चरित्र बाजूला ठेवून मी दोन्ही मुद्रणे एकापाठोपाठ एक, पुन्हा पुन्हा ऐकली. माझ्या कानाला जाणवले ते असे. १९८७ च्या गाण्यात स्वर शब्दाला उचलून नेतो. दुसऱ्यात शब्द जड झाला आहे आणि स्वर त्याला खाली ठेवतो. आवाजाला एक खरखर आली आहे, वरच्या जागांची धार किंचित बोथट झाली आहे, आणि ओळ संपताना श्वास लपत नाही. पूर्वीच्या गाण्यातली स्त्री सामान परत मिळेल या आशेने मागते. या गाण्यातली स्त्री नुसती यादी वाचते. पंचमदांचे निधन कधी झाले हे ठाऊक नसलेल्या माणसालाही हा फरक ऐकू येईल, असा माझा दावा आहे.

आमच्या गावच्या भजनी मंडळात एक बुवा आहेत. तरुणपणी ते काळी तीनमध्ये अभंग म्हणत, आता काळी एकला उतरले आहेत. पेटीवाला विचारतही नाही, बुवा बसले की तो पट्टी खाली घेतो. परंतु बुवांचा आवाज गेला असे म्हणताना मी गावात कोणाला ऐकलेले नाही. उलट, "बुवा आता अभंग समजून म्हणतात," असे माझी आजी म्हणते. आजीला अक्षरओळख नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच, पण ऐकायचे कसे हे मी येथे येऊन शिकलो नाही. उतरलेल्या पट्टीत काय सापडते याकडे लक्ष देण्याची रीत आमच्याकडे होतीच. ती भजनाला लावतात तशी चित्रपटगीताला का लावू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, संगीताचे शिक्षण नसलेल्याने मत देऊ नये. मग मुक्तछंद लिहिता न येणाऱ्याने कवितेचे रसग्रहणही करू नये! परीक्षेत तर ते आपल्याला दहा गुणांना करावे लागते. दुसरा आक्षेप, सुगम संगीत हे करमणुकीसाठी असते, त्याचा एवढा कीस कशाला? हे बहुधा तेच लोक म्हणतात जे मोबाइलवर गाण्याचा अर्धा मिनिटाचा तुकडा ऐकून बोटाने पुढे सरकवतात. तुकड्यात जुना आवाजच सरस वाटणार, कारण तरुण आवाज पहिल्या क्षणीच जिंकतो. वयस्क आवाजाला वेळ द्यावा लागतो. त्याची करामत तिसऱ्या कडव्यात कळते, आणि तिथवर आपण पोहोचतच नाही. वर तक्रार मात्र गायिकेविषयी!

म्हणून आमच्या वाङ्मय मंडळाला एक सूचना करतो. येत्या वर्षी एका शनिवारी दुपारी ही ध्वनिमुद्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत सर्वांना एकत्र ऐकवावी. मध्ये कोणी बोलू नये, टाळ्याही नकोत. 'मेरा कुछ सामान' झाल्यावर त्याचे १९८७ चे मुद्रण लावावे आणि मग ज्याला जे वाटते ते त्याने उभे राहून सांगावे; प्राध्यापकांनी सर्वांत शेवटी. स्पीकर वरच्या मजल्यावरच्या मोठ्या वर्गातला बरा आहे. पंखा तेवढा बंद ठेवावा लागेल, कारण तो चालू असला की श्वास ऐकू येत नाहीत.